रानांतील शेजारधर्म

गांवाचा इतिहास लिहितांना माणसांचींच नांवें लिहावयाचीं अशी वहिवाट पडली आहे. सुलतान झाले, पेशवे झाले, साहेब आले आणि गेले. दुष्काळ पडले, कालवे निघाले, कारखाने उभे राहिले. परंतु ज्या शिवारांत हें सर्व घडलें त्याच शिवारांत उंदीर होते, घुबडें होतीं, लांडगे आणि काळवीट होते, बिबटे होते, गवत होतें. दुष्काळ त्यांच्यावरहि पडला. कालव्याचें पाणी त्यांच्याहि दारावरून गेलें. त्यांची संख्या कधीं वाढली, कधीं घटली, आणि त्या वाढीघटीचा हिशेब अखेरीस माणसाच्या घरीं येऊन पोंचला. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याचें नांव अहमदनगर होतें आणि ज्याला लोक नुसतें ‘नगर’ म्हणतात तो जिल्हा, या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. गेल्या दीडशें वर्षांत हा हिशेब तेथें निदान तीन वेळां मांडला गेला: एकदां उंदरांच्या रूपानें, एकदां माळावरच्या गवताच्या रूपानें, आणि सांप्रत उंसांतल्या बिबट्याच्या रूपानें.

जिल्ह्याची ठेवण ध्यानांत घेतल्यावांचून हा हिशेब समजावयाचा नाहीं. पश्चिमेस अकोलें तालुका थेट सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, त्याच्याच हद्दीवर उभें आहे, आणि घाटघरच्या बाजूस वर्षाकांठीं दोनशें इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेस व दक्षिणेस जावें तसतसा पाऊस झपाट्यानें उतरत जातो; कर्जत-पाथर्डीकडे वीस-बावीस इंच पडला तरी शेतकरी समाधान मानतो. मधल्या पट्ट्यांतून प्रवरा, मुळा आणि गोदावरी वाहतात व त्यांच्या कांठीं खोल काळी जमीन आहे. डोंगर, काळें रान आणि उघडा माळ अशा या तीन जागा. प्रत्येकीचें पीक वेगळें, आणि प्रत्येकीचा प्राणिवर्गहि वेगळा.

प्राण्यांच्या संख्येचा पहिला नियम शाळेंतल्या गुणाकारापेक्षां अवघड नाहीं. उंदराचें एक जोडपें घ्यावें. त्याला एका वेतास ६ पिलें झालीं म्हणजे दोघांचे ८ झाले. या आठांचीं चार जोडपीं. प्रत्येकास पुन्हां ६ पिलें झालीं म्हणजे ३२ झाले. पुढच्या वेतास १२८, मग ५१२, मग २,०४८. रानउंदराला एवढे वेत व्हावयास फार काळ लागत नाहीं. माल्थस या इंग्रज पंडितानें १७९८ मध्यें माणसांच्या वाढीविषयीं हा विचार मांडला, आणि डार्विननें १८५९ मध्यें तो सर्व जीवसृष्टीला लागू करून दाखविला. तर मग सारी पृथ्वी उंदरांनीं भरून कां जात नाहीं? कारण जन्मलेल्यांपैकीं बहुतेक लवकर मरतात. कांहीं उपाशी मरतात, कांहीं रोगानें, कांहीं बिळांत पाणी शिरून. आणि पुष्कळ घुबडाच्या, सापाच्या, मुंगसाच्या, कोल्ह्याच्या तोंडीं पडतात. जन्माची बाजू प्राण्याच्या स्वतःच्या हातीं असते. मरणाची बाजू शेजाऱ्यांच्या आणि हवापाण्याच्या हातीं असते. या दोन बाजू जोंवर सारख्या आहेत तोंवर रान शांत दिसतें. मरणाची बाजू थोडी जरी हलकी झाली तरी वरचा गुणाकार कागदावरून उठून शेतांत उतरतो.

दख्खनच्या काळ्या जमिनींत हें कसें घडतें याचें पहिलें नीट वर्णन नगरचें नसून धारवाडच्या बाजूचें आहे; पण जमीन त्याच जातीची असल्यामुळें तें येथेंहि उपयोगी पडतें. कंपनी सरकारच्या नोकरींतील वॉल्टर एलियट हा अधिकारी प्राण्यांचा चांगला जाणकार होता. दक्षिण मराठा मुलखांतील सस्तन प्राण्यांविषयीं त्यानें १८३९ मध्यें जें लिहिलें त्यांत मऊ केसांच्या एका रानउंदराची हकीकत आहे. उन्हाळ्यांत काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्या भेगांत हा उंदीर घर करतो. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला कीं भेगा मिटतात, पाण्यानें भरतात, आणि दरवर्षीं असंख्य उंदीर आंतल्या आंत मरतात. १८२६ सालीं मात्र आरंभींचा पाऊस ओढून धरला. भेगा उघड्याच राहिल्या, आणि जे मरावयाचे ते वांचले. पुढें पेरलेलें बीं त्यांनीं मातींतच खाल्लें. आणि जोंधळा तयार होऊं लागला तेव्हां ताटावर चढून कणसें कातरून खालीं पाडलीं. शेतेंच्या शेतें उजाड झालीं आणि रयतेला सारा भरतां येईना. वडार मजुरांनीं हजारों उंदीर मारले, डझनावारी धान्याचें माप घेतलें. पण उंदरांची संख्या कमी झाल्याचें कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं.

यानंतर अर्धें शतक लोटलें आणि हीच आपत्ती फार मोठ्या प्रमाणावर नगर जिल्ह्यावर कोसळली. १८७६ मध्यें दख्खनांत पाऊस पडला नाहीं, १८७७ मध्येंहि पुरेसा पडला नाहीं. नगर, पुणें, सोलापूर, सातारा आणि त्यांच्या आसपासचे जिल्हे होरपळून निघाले. माणसें खडी फोडण्याच्या कामावर गेलीं, गुरें दावणीस मेलीं, गांवें ओस पडलीं. अशा दोन वर्षांनंतर १८७८ चें पीक उभें राहिलें तेव्हां कुणब्याला दिवस पालटल्यासारखें वाटलें असल्यास नवल नाहीं. आणि नेमक्या त्याच हंगामांत, १८७८-७९ च्या सुगींत, रानउंदरांची टोळधाड आली. दुष्काळानें जें ठेवलें होतें त्यावर उंदरांनीं हात मारला.

या धाडीची हकीकत लिहून ठेवणारा एक साक्षेपी निरीक्षक नगर जिल्ह्यांतच राहत होता. अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री सॅम्युअल फेअरबँक हे धर्मोपदेशाबरोबर पक्ष्यांचा व शंखशिंपल्यांचा अभ्यास करीत. त्यांनीं दख्खनांतील सुगीवर उंदरांनीं केलेल्या नासाडीविषयीं पत्र लिहिलें, आणि तें १८७९ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापून आलें. पुढें ब्लॅनफर्ड या प्राणिशास्त्रज्ञानें हिंदुस्थानच्या सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हां एलियटचा १८२६ चा अनुभव आणि नगरकडचा १८७८-७९ चा अनुभव एकाच प्राण्याच्या माहितींत एकत्र आले. नगरच्या शेतकऱ्यावर आलेलें संकट अशा रीतीनें जगाच्या प्राणिशास्त्रांत नोंदलें गेलें.

या दोन्ही प्रसंगांचें मर्म एकच आहे. अवर्षण हें माणसाला मारणारें, पण बिळांतल्या उंदराला तारणारें ठरतें. पावसाळ्याच्या तोंडीं दरसाल होणारी त्याची मोठी हानि टळते. आणि मग धान्य पिकलें कीं, वांचलेल्या साऱ्या उंदरांसमोर ताट वाढलेलें असतें. त्यांना खाणारे शेजारी या वेळीं कोठें असतात? ते असतातच, पण थोडे असतात. घुबडाचीं अंडीं मोजकीं, कोल्ह्याचीं पिलें वर्षांतून एकदांच. अन्न वाढल्यावर त्यांची संख्याहि वाढते, परंतु मागाहून वाढते. उंदीर पुढें धांवतो आणि शत्रु मागून चालतो. या मधल्या अंतरांतच शेतकऱ्याचें पीक जातें. पुढें शत्रु वाढतात, रोग पसरतो, अन्न संपतें, पाऊस बिळें बुजवितो, आणि जी धाड माणसाच्या काठीला आटोपत नव्हती ती आपोआप ओसरते.

शिकार आणि शिकारी यांच्या या मागेंपुढें होण्याला गणिताचें रूप देण्याचें श्रेय अमेरिकेंतील लोटका आणि इटलींतील व्होल्टेरा या दोघांकडे जातें. १९२५-२६ च्या सुमारास दोघांनीं स्वतंत्रपणें एकच समीकरणें मांडलीं. व्होल्टेराच्या विचाराचा उगम मासळीबाजारांत आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत एड्रियाटिक समुद्रांत मासेमारी मंदावली. तेव्हां जाळ्यांत येणाऱ्या मासळींत, दुसऱ्या माशांना खाणाऱ्या माशांचें प्रमाण वाढलेलें आढळलें. डाँकोना या तरुण प्राणिशास्त्रज्ञानें हें कोडें व्होल्टेरापुढें ठेवलें. गणितानें उत्तर दिलें तें असें: शिकार आणि शिकारी या दोघांनाहि सारख्या प्रमाणांत मारूं लागलें म्हणजे नुकसान शिकाऱ्याचें होतें आणि फायदा शिकारीच्या प्राण्याचा होतो. मासेमारी थांबली तेव्हां याच्या उलट झालें, एवढेंच.

हा सिद्धांत समुद्रावरून नगरच्या जोंधळ्याच्या शेतांत आणून पाहावा. शेतांत विष पेरलें म्हणजे उंदीर मरतो. तो विषारी उंदीर खाऊन घुबड किंवा मांजरहि मरण्याचा संभव असतो. उंदीर कांहीं महिन्यांत पुन्हां भरून निघतो. घुबडाची जागा भरावयास वर्षें लागतात. मग पुढच्या हंगामांत उंदरावर पहारा कोणाचा? घुबड दिसलें कीं अशुभ म्हणून दगड मारावयाचा आणि साप दिसला कीं ठेंचावयाचा, या चालीचें मोल शेतकरी धान्याच्या रूपानें चुकवितो. बांधावरचें जुनें झाड आणि त्याची ढोली राखणें हें यापेक्षां स्वस्त आहे.

काळ्या रानांतून वर माळावर गेलें म्हणजे हाच नियम उलट्या अंगानें पाहावयास मिळतो. कर्जत, श्रीगोंदें या बाजूचा माळ म्हणजे पडीक जमीन असें महसुली दप्तर मानीत आलें. पण पडीक हा शब्द नांगराच्या दृष्टीनें खरा आहे. गवताच्या दृष्टीनें तो माळ पूर्ण वस्तीचा आहे. कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांवर तेथें टोळ-नाकतोडे जगतात; टोळांवर माळढोक जगतो; गवतावर काळवीट आणि धनगरांच्या मेंढ्या चरतात; आणि दोघांच्याहि मागें लांडगा असतो. पूर्वीं काळविटाच्या मागें चित्ताहि असे. राजेरजवाड्यांनीं त्याला पाळून शिकारीस वापरला, रानांतला चित्ता हळूहळू संपला, आणि १९५२ मध्यें तो भारतांतून नाहींसा झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. अलीकडे मध्य प्रदेशांत आफ्रिकेंतून चित्ते आणून सोडले आहेत. दख्खनच्या माळावरची त्याची जागा मात्र रिकामीच आहे.

माळढोक हा पक्षी उंदराच्या अगदीं दुसऱ्या टोकाला उभा आहे. नराचें वजन पंधरा किलोपर्यंत भरतें. मादी वर्षाला बहुधा एकच अंडें घालते, आणि तेंहि उघड्या जमिनीवर. अशा प्राण्याच्या बाबतींत जन्माची बाजू इतकी हलकी असते कीं, मरणाच्या बाजूला चार माशांचा भार वाढला तरी तराजू कलंडतो. हा पक्षी सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत टिकून आहे असें १९७० नंतरच्या दशकांत ध्यानांत आलें, आणि १९७९ मध्यें त्याच्यासाठीं दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटरचें अभयारण्य जाहीर झालें. त्यांत नगरकडील कर्जत, श्रीगोंदें आणि नेवासें या तालुक्यांचा समावेश होता. दुसऱ्याच वर्षीं, १९८० मध्यें, कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी येथें काळविटासाठीं अवघ्या सव्वादोन चौरस किलोमीटरचें अभयारण्य करण्यांत आलें. एक अभयारण्य आवाक्याबाहेर मोठें, आणि दुसरें मुठीएवढें.

या दोहोंचा पुढील इतिहास बोधप्रद आहे. रेहेकुरीस शिकार थांबली, गवत राखलें गेलें, आणि काळविटांचे कळप वाढले. वाढलेल्या कळपाला सव्वादोन चौरस किलोमीटर कसे पुरणार? ते शेजारच्या ज्वारी-हरभऱ्यांत उतरूं लागले, आणि रात्रीं राखणीस बसणें शेतकऱ्याच्या नशिबीं आलें. माळढोकाचें उलट झालें. कागदावरचें अभयारण्य गांवांवरून, शेतांवरून, बाजारपेठांवरून पसरलेलें होतें. त्याच्या हद्दींत जमिनीच्या व्यवहारास आणि बांधकामास अडथळे आले, आणि जो पक्षी शेतकऱ्याच्या पिकावरचे टोळ खाणारा, तोच लोकांच्या डोळ्यांत सलूं लागला. तीन दशकांनंतर अभयारण्याचें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खालीं आणण्यांत आलें. तोंवर माळ पुष्कळसा नांगराखालीं गेला होता, विजेच्या तारा आल्या होत्या, आणि माळढोक महाराष्ट्रांतून जवळजवळ दिसेनासा झाला होता. साऱ्या देशांत आज तो दीडशेंच्या आसपास उरला आहे, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानांत आहेत.

येथें आणखी एक सूक्ष्म गोष्ट पाहण्यासारखी आहे. माळ राखावयाचा म्हणून त्याला कुंपण घातलें, चराई सर्वस्वीं बंद केली, आणि उघडी जागा दिसते म्हणून तींत झाडें लावलीं, तर माळ सुधारला असें पाहणाऱ्यास वाटतें. पण माळढोकाला आणि काळविटाला दूरवर नजर पोंचेल असें मोकळें रान लागतें. गवत माणसाच्या कमरेएवढें वाढलें किंवा मध्यें गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या, तर ती जागा त्यांच्या दृष्टीनें बुजली. मेंढ्यांनीं रान खरवडून काढलें तर पक्ष्याचें घर मोडतें, आणि मेंढी अजिबात नाहीं तरीहि तें घर बदलतें. धनगराचा कळप पावसाळ्यापाठोपाठ फिरता राहतो, एका जागीं फार दिवस बसत नाहीं. या जुन्या रीतींत माळाला चराई आणि विश्रांति दोन्ही आळीपाळीनें मिळत. मेंढी ही माळढोकाची वैरीण आहे असें धरून चालणाऱ्यांना ही गोष्ट उशिरां उमगली.

आतां तिसरी आणि आजची गोष्ट. हिचें मूळ थेट १८७६ च्या दुष्काळांत आहे. त्या दुष्काळानंतर आणि शतकाच्या अखेरीस पुन्हां पडलेल्या दुष्काळानंतर दख्खनच्या कोरड्या मुलखास कालव्यांचें पाणी द्यावें हें सरकारास पटलें. गोदावरीचे कालवे निघाले. प्रवरेवर भंडारदरा येथें १९१० मध्यें धरणाचें काम सुरू होऊन १९२६ मध्यें तें पुरें झालें. पुढें मुळेवरहि धरण झालें. दुष्काळांत जोंधळा वांचावा म्हणून आणलेलें पाणी फार करून उंसाकडे गेलें. खासगी साखर कारखाने निघाले, आणि स्वराज्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं प्रवरानगर येथें १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना सुरू झाला. त्याच्या मागोमाग संगमनेर, राहुरी, कोपरगांव, श्रीरामपूर हा सारा पट्टा हिरवा झाला. कोरडवाहू कुणबी बागाईतदार झाला. पोरें शिकलीं, घरें पक्कीं झालीं. ही प्रगति खरी आहे, तिला उणें लेखण्याचें कारण नाहीं.

परंतु ऊंस हें इतर पिकांसारखें पीक नाहीं. तो बारा ते अठरा महिने शेतांत उभा राहतो, पुरुषभर उंच होतो, आंत दिवसाहि अंधार असतो, आणि जवळ पाणी असतें. माणूस त्याला पीक म्हणतो. बिबट्या त्याला जंगल समजतो. अकोल्याच्या डोंगरांत बिबट्या पूर्वींपासून होताच. नदीकांठच्या उंसानें त्याला देशावर उतरावयास आडवाट दिली. गेल्या तीन-चार दशकांत उंसांत जन्मलेल्या आणि उंसांतच वाढलेल्या बिबट्यांच्या पिढ्या झाल्या. तोडणीच्या वेळीं फडांत पिलें सांपडतात तीं याच वस्तीचीं.

उंसांत तो जगतो कशावर? हा प्रश्न डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनीं अकोलें तालुक्याच्या शेतीमुलखांत शास्त्रीय रीतीनें तपासला. आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून त्यांनीं पाहिलें. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें तेथें १०० चौरस किलोमीटरांत सुमारें पांच प्रौढ बिबटे, आणि जवळजवळ तितकींच तरसें राहत होतीं. आणि हें सर्व दर चौरस किलोमीटरास तीनशेंहून अधिक माणसांच्या वस्तींत! पुढच्या वर्षीं बिबट्यांच्या विष्ठेच्या परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता, आणि ३९ टक्के भाग एकट्या कुत्र्यांचा होता. त्या भागांत कुत्र्यांच्या सातपट शेळ्या होत्या, तरी शेळ्यांचा वांटा ११ टक्केच भरला. याचें कारण उघड आहे. शेळी संध्याकाळीं गोठ्यांत बांधली जाते. कुत्रा रात्रभर मोकळा हिंडतो.

म्हणजे सांखळी अशी जुळते. धरणाचें पाणी उंसाला. ऊंस बिबट्याला आसरा. सुबत्ता आली म्हणून गांवाचा उकिरडा वाढला. उकिरड्यावर कुत्रीं वाढलीं. कुत्र्यांवर बिबट्या पोसला. आणि मेलेल्या जनावरांवर व उष्ट्यावर तरस. बिबट्या आणि तरस एकाच शिवारांत भांडल्यावांचून राहतात याचें कारण दोघांचा धंदा वेगळा आहे. एक मारून खातो, दुसरें बहुधा मेलेलें उचलतें. एकाच गांवांत सुतार आणि कुंभार सुखानें नांदतात, पण एकाच कामावर दोन सुतार आले म्हणजे चुरस लागते, तसेंच हें. रशियन शास्त्रज्ञ गॉज यानें १९३४ मध्यें बाटलींतल्या सूक्ष्म जीवांवर प्रयोग करून हीच गोष्ट दाखविली होती: ज्या दोन जातींचा निर्वाह तंतोतंत एकाच गोष्टीवर, त्या दोघी एका जागीं फार काळ टिकत नाहींत.

या वस्तींत माणसाची हानि होते हें दृष्टिआड करतां येत नाहीं. अलीकडच्या वर्षांत जिल्ह्याच्या उत्तर भागांत लहान मुलें, शेतांत वांकून काम करणाऱ्या बायका, रात्रीं पाणी द्यावयास गेलेले शेतकरी बिबट्याच्या हल्ल्यांत बळी पडले आहेत. ज्या घरांतून मूल उचललें गेलें त्या घरापुढें समीकरणें मांडून उपयोग नाहीं. लोक रस्त्यावर येतात, पिंजरे मागतात, बिबटे धरून दूर नेऊन सोडा म्हणतात. ही मागणी स्वाभाविक आहे. तिचा परिणाम काय होतो हें मात्र अनुभवानेंच ठरविलें पाहिजे, आणि तो अनुभव शेजारींच, पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत, आलेला आहे. तेथें १९९३ ते २००१ या काळांत माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मग बिबटे धरून इतरत्र सोडण्याचा उपक्रम मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, आणि हल्ल्यांची सरासरी १७ वर गेली.

असें कां व्हावें? प्रौढ बिबट्याचा मुलूख ठरलेला असतो. कोठें कुत्रीं आहेत, कोणत्या वाटेनें माणूस जातो, कोणत्या वेळीं लपावें, हें त्याला पाठ असतें. तो उचलून नेला कीं रिकाम्या मुलखांत नवे, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबटे शिरतात. कारण ऊंस तोच आहे आणि कुत्रींहि तींच आहेत. आणि नेलेला बिबट्या परक्या मुलखांत, अनोळखी माणसांत, बिथरलेला फिरतो. त्याची परत फिरण्याची शक्तीहि अफाट असते. २००९ मध्यें पारनेर तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत पडलेला एक वयस्क बिबट्या बाहेर काढून, गळ्यांत उपग्रहाशीं बोलणारा पट्टा बांधून, माळशेज घाटांत सोडण्यांत आला. त्याला सर्वजण ‘आजोबा’ म्हणत. या आजोबानें घाट उतरून, आगगाडीचे रूळ आणि हमरस्ते ओलांडून, महिनाभरांत सुमारें सव्वाशें किलोमीटर चालून मुंबईचें राष्ट्रीय उद्यान गांठलें. आणि वाटेंत एकाहि माणसाला नख लावलें नाहीं. २०११ मध्यें मोटारीच्या धक्क्यानें तो मेला. त्याच्यावर २०१४ मध्यें ‘आजोबा’ नांवाचा मराठी चित्रपटहि निघाला.

या सर्व हकीकतींचा अर्थ बिबट्याला कधींच हात लावूं नये असा नाहीं. माणसावर वारंवार हल्ला करणारा ठराविक बिबट्या ओळखून काढून टाकणें, हें कायद्यांतहि बसतें आणि न्यायालाहि धरून आहे. पण एकाला काढल्यानें संख्या कमी होत नाहीं, कारण ती संख्या बिबट्यानें ठरविलेली नसून त्याच्या शेजाऱ्यांनीं ठरविलेली आहे. तेव्हां हात घालावयाचा तो शेजाऱ्यांवर. गांवाचा उकिरडा उघडा ठेवूं नये. मोकाट कुत्र्यांची वाढ आवरावी. शेळ्यांचा गोठा वरून आणि बाजूनें बंद असावा. घर आणि ऊंस यांत मोकळी पट्टी ठेवावी. दिवेलागणीनंतर मूल एकटें अंगणांत सोडूं नये. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शेतीची वीज दिवसां मिळावी. कारण काळोखांत पाण्याच्या बारीवर जाणारा शेतकरी आपल्या हौसेनें जात नाहीं, तर विजेच्या वेळापत्रकानें जातो.

१८२६ मध्यें वडारांनीं हजारों उंदीर मारले आणि उंदीर सरले नाहींत. १९७९ मध्यें माळढोकासाठीं मोठी रेघ ओढली आणि माळढोक राहिला नाहीं. २००१ नंतर बिबटे हलविले आणि हल्ले वाढले. तिन्ही वेळां नजर एकाच प्राण्यावर खिळलेली होती, आणि त्या प्राण्याला वाढविणारें किंवा घटविणारें कारण शेजारीं उभें होतें: उंदराच्या शेजारीं जमिनीची भेग, माळढोकाच्या शेजारीं गवत आणि मेंढी, बिबट्याच्या शेजारीं ऊंस आणि कुत्रा. नगर जिल्ह्यांत पुढेंहि पाऊस कमीजास्त होईल, पिकें बदलतील, नवीं धरणें आणि नवे रस्ते होतील. त्या प्रत्येक वेळीं रानांतल्या शेजाऱ्यांपैकीं कोणाचें तरी ताट वाढेल आणि कोणाचें तरी ओढून घेतलें जाईल. तें कोणाचें, एवढा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वीं विचारला गेला, तर पुष्कळ पिकें आणि कांहीं मुलें वांचतील.